घरी सोडलं, पण कुणाच्या भरवशावर?

पक्षाघात झालेल्या माणसाला दवाखान्यातून घरी सोडतात तेव्हा नातेवाइकांच्या हातात एक जाड फाइल पडते. एमआरआयच्या फिल्मा, रक्ताचे रिपोर्ट, बिलं, गोळ्यांची यादी आणि डिस्चार्ज कार्ड. कार्डाच्या तळाशी एक ओळ असते: 'फिजिओथेरपी चालू ठेवणे.' कुठे, कुणाकडून, आठवड्यातून किती वेळा, किती महिने, पैसे कोण देणार, यातलं काही त्या ओळीत नसतं. ज्याच्यासाठी ती लिहिली तो माणूस अजून आपणहून कूस बदलू शकत नाही, पाणी पिताना त्याला ठसका लागतो, लघवीची नळी कालच काढलेली असते. ॲम्ब्युलन्स दारात थांबते आणि वॉर्डबॉयची ड्युटी तिथं संपते. पुढची ड्युटी घरातल्या कुणाची तरी, बहुतेक वेळा बायकोची नाहीतर सुनेची.

माझं म्हणणं असं आहे की घर ही पक्षाघाताच्या पुनर्वसनासाठी चांगली जागा आहे, कित्येकदा दवाखान्यापेक्षाही चांगली. पण घरच्या माणसांनाच थेरपिस्ट बनवून हा प्रश्न सुटत नाही, आणि तसं गृहीत धरणं ही सरकारनं आणि विमा कंपन्यांनी स्वतःची करून घेतलेली सोय आहे. शिकलेला माणूस रुग्णाच्या घरापर्यंत पोचवायचा आणि त्याचे पैसे द्यायचे, ही जबाबदारी आरोग्य योजनेची असली पाहिजे. निदान पहिल्या ९० दिवसांची तरी.

भारतात दरवर्षी दहा लाखांहून जास्त लोकांना पक्षाघात होतो. त्याविषयी जे काही बोललं जातं ते जवळपास सगळं पहिल्या काही तासांविषयी असतं. २९ ऑक्टोबरला जागतिक पक्षाघात दिन येतो, चौकाचौकांत फलक लागतात: तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं तर घड्याळ बघा आणि पळा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेव्हा हे सांगणं योग्यच आहे. ते इंजेक्शन हजारो रुपयांचं असतं, आणि ते गरिबालाही मिळावं म्हणून योजना आहेत ही चांगली गोष्ट. पण साडेचार तास संपल्यावर जे सहा महिने सुरू होतात, त्यांचे तास चार हजारांहून जास्त भरतात. त्या तासांसाठी फलक नाही, पॅकेज नाही, हेल्पलाइन नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावानं सुरू झाली. २०२३ मध्ये ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू करायचा आणि संरक्षण पाच लाखांपर्यंत वाढवायचा निर्णय झाला. पाच लाख ही लहान रक्कम नाही. मात्र ती खाटेला बांधलेली आहे. माणूस खाटेवर आहे तोवर योजना त्याच्यासोबत असते, खाट सुटली की काही दिवसांच्या औषधांपुरती मागे येते आणि थांबते. केंद्राच्या आयुष्मान योजनेत डिस्चार्जनंतरचे १५ दिवस धरले आहेत. खाजगी मेडिक्लेममध्ये साठ किंवा नव्वद दिवसांचं कलम असतं, पण घरी येणाऱ्या फिजिओचं बिल लावायला गेलात की 'ट्रीटिंग डॉक्टरचं पत्र आणा'पासून खेळ सुरू होतो. एक गंमतही सांगतो. २०१० साली असंसर्गजन्य रोगांसाठी जो राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला त्याच्या लांबलचक नावात कर्करोग, मधुमेह, हृदयरोग यांच्या जोडीला 'स्ट्रोक' होता. २०२३ मध्ये नाव आटोपशीर केलं, त्यात तो गेला. नावावरून कुणी बरं होत नाही हे खरं, पण या आजाराकडे कसं पाहिलं जातं ते कळतं.

मेंदूचा जो भाग मेला तो परत येत नाही. आजूबाजूचा भाग त्याचं काम हळूहळू शिकतो, आणि हे शिकणं पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वांत वेगानं होतं. शिकण्यासाठी एकच कृती शेकडो वेळा, बरोबर पद्धतीनं करावी लागते. किती करावी लागते? इंग्लंडच्या 'नाइस' या संस्थेनं २०२३ मध्ये आपली मार्गदर्शक तत्त्वं सुधारली. ज्याला झेपेल त्या रुग्णाला आठवड्यातले किमान पाच दिवस, दिवसाला किमान तीन तास थेरपी मिळावी असं त्यात म्हटलं आहे. पूर्वी हा आकडा प्रत्येक प्रकारच्या थेरपीसाठी ४५ मिनिटांचा होता. तिथेही सगळ्यांना तीन तास मिळत नसणार. पण आपल्याकडे जिल्ह्याच्या गावी ज्यांना परवडतं त्यांच्याकडे फिजिओ आठवड्यातून तीनदा पाऊण तास येतो, आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्याकडे कुणीच येत नाही. तालुक्याच्या गावी बहुधा ही दुसरी गत. त्यात घाईही उपयोगाची नाही. झटका आल्यावर चोवीस तासांच्या आत जोरात उठवा-बसवायला लागलं तर फायद्याऐवजी तोटा होतो, हे २१०४ रुग्णांवरच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत २०१५ साली दिसलं. म्हणजे कधी, किती आणि कसं हे ठरवायला जाणकार लागतो. 'हलवत राहा हो, हात-पाय हलवत राहा' एवढ्यानं भागत नाही.

हे मी माझ्या मावशीच्या घरी जवळून पाहिलं. काकांची डावी बाजू गेली. दवाखान्यातून आल्यावर पलंगावरून खुर्चीत बसवायचं काम मावसभावाकडे आलं. पोरगा धडधाकट, तो दोन्ही काखांत हात घालायचा आणि 'चला बाबा, एक, दोन, तीन' म्हणून उचलायचा. कुणालाही हेच सुचेल. पक्षाघातानंतर मेलेल्या हाताच्या खांद्याचे स्नायू ढिले पडलेले असतात आणि हाताचं सगळं वजन नुसत्या सांध्याच्या आवरणावर लोंबकळतं. काखेत हात घालून उचललं की सांधा खाली सरकतो. तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा फिजिओची मुलगी घरी आली तेव्हा तिनं खांद्याच्या हाडाखाली बोट ठेवून दाखवलं: तिथं एक बोट मावेल एवढी फट पडली होती. काका रात्री हात धरून कण्हायचे ते यामुळं, आणि घरच्यांना वाटत होतं की दुखतंय म्हणजे जीव परत येतोय.

तिनं अर्ध्या तासात सगळं बदललं. आधी चांगला गुडघा वाकवायला लावून कुशीवर वळवलं. मग दोन्ही पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडले आणि कोपराचा रेटा देत काकांना स्वतःच बसतं व्हायला लावलं. उभं करताना तिनं आपला गुडघा त्यांच्या लुळ्या गुडघ्याला टेकवला, म्हणजे तो अचानक मुडपू नये. एक हात पाठीमागून खांद्याच्या फऱ्यावर, दुसरा कमरेच्या पट्ट्याला. काखेला हात नाहीच. भात भरवताना काका आडवे असायचे आणि पाणी चमच्यानं तोंडात सोडलं जायचं, तेही तिनं थांबवलं. ताठ बसवा, हनुवटी किंचित छातीकडे, घास चांगल्या बाजूनं द्या, जेवण झाल्यावर अर्धा तास तसंच बसवून ठेवा. पातळ पाणी सगळ्यांत धोक्याचं, कारण ते घशात आवरत नाही आणि श्वासनलिकेत उतरतं. पुढं ताप येतो, छाती भरते आणि पुन्हा दवाखाना. यातली कुठलीच गोष्ट अवघड नव्हती. पण दवाखान्यात नऊ दिवस काढले, त्या नऊ दिवसांत हे दाखवायला कुणाला वेळ झाला नव्हता.

आता यावरून सहज कुणी म्हणेल, मग घरच्यांना आधीच शिकवा की! स्वस्त, सोपं, आणि आपल्याकडे कुटुंबं काही रुग्णाला टाकून देत नाहीत. मलाही हे पटण्यासारखं वाटलं असतं. अडचण अशी की हा प्रयोग झालेला आहे, आणि आपल्याच देशात झालेला आहे. 'अटेंड' नावाच्या चाचणीत भारतातली १४ रुग्णालयं होती आणि १२५० रुग्ण. निम्म्या रुग्णांच्या घरातल्या एका माणसाला पद्धतशीर शिकवलं. व्यायाम, रोजची कामं कशी करून घ्यायची, पुढचं लक्ष्य काय ठेवायचं, हे सगळं दवाखान्यात असतानाच सुरू केलं आणि पुढं दोन महिन्यांपर्यंत घरी चालू ठेवलं. उरलेल्या निम्म्यांना नेहमीची सेवा मिळाली. सहा महिन्यांनी पाहिलं तर मरण पावलेले किंवा परावलंबी राहिलेले रुग्ण दोन्हीकडे सारखेच: ४७ टक्के आणि ४७ टक्के. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. संशोधकांनी स्पष्टच लिहिलं की नवा पुरावा पुढे येईपर्यंत, घरच्यांवर थेरपीचं काम सोपवणाऱ्या सेवांमध्ये पैसा घालायला या निष्कर्षांचा आधार नाही. पुढं काय तपासावं हेही त्यांनी सुचवलं: आरोग्यसेवकांवर काम सोपवणं किंवा समाजात जाऊन काम करणारं पथक. त्याआधी इंग्लंडात ३६ पुनर्वसन केंद्रांमध्ये काळजी घेणाऱ्या नातेवाइकांना शिकवून पाहिलं होतं. तिथंही फरक पडला नव्हता.

या निकालाचा सोयीचा अर्थ लावू नये. शिकवणं फुकट गेलं असं मी म्हणत नाही. खांदा वाचला, पाठीला जखम झाली नाही, गोळ्या चुकल्या नाहीत, हे मोलाचंच आहे, आणि ते घरच्यांना आलंच पाहिजे. पण दुबळा पाय पुन्हा चालायला लागावा, हात पुन्हा वाटी धरायला लागावा, यासाठी जे रोज तासन् तास, नेमकं आणि दर आठवड्याला बदलत जाणारं काम लागतं, ते स्वयंपाक, नोकरी, पोरांची शाळा आणि रात्रीची उठबस सांभाळणाऱ्या माणसाकडून होत नाही. ते नीट होत नाही म्हणून त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. चार दिवस शिकून कुणी फिजिओ होत असता तर आपण त्यासाठी चार-पाच वर्षांचा अभ्यासक्रम कशाला चालवला असता?

याच्या उलट बाजूचा पुरावाही आहे. युरोपात 'लवकर घरी, पण पथकासह' अशी पद्धत आहे: रुग्णाला थोडं आधी सोडायचं, मात्र फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारा), स्पीच थेरपिस्ट आणि नर्स यांचं एकच पथक त्याच्या घरी जाऊन काम चालू ठेवतं. या पद्धतीच्या सतरा चाचण्या, चोवीसशेवर रुग्ण, एकत्र करून पाहिल्या तेव्हा दवाखान्यातले दिवस कमी झाले आणि परावलंबी राहणाऱ्यांची संख्याही कमी झाली. हे मुख्यतः सौम्य आणि मध्यम झटक्याच्या रुग्णांबाबत खरं आहे, पूर्ण अंथरुणाला खिळलेल्यांबाबत नाही. तरी दोन प्रकारचे पुरावे शेजारी ठेवले की फरक दिसतो. जागा दोन्हीकडे घरच होती. एका ठिकाणी घरच्यांच्या हातात काम दिलं, दुसऱ्या ठिकाणी पथक घरी गेलं.

घरी काम केल्यानं फायदा का होतो, हे समजायला फार शास्त्र लागत नाही. दवाखान्यातल्या फिजिओ विभागात गुळगुळीत फरशी असते, दोन्ही बाजूंना धरायला दांड्या असतात. तिथं दहा पावलं चाललेला माणूस घरी येतो आणि न्हाणीघराच्या उंबऱ्याशी अडतो. संडास भारतीय पद्धतीचा, नळ उजवीकडे आणि उजवाच हात गेलेला. अशा वेळी कामाचे व्यायाम म्हणजे तांब्या उचलणं, धोतराच्या जागी नाडीची विजार, मग शर्टाची बटणं, देवापुढची उदबत्ती लावणं, पोळीचा तुकडा मोडणं. ऑक्युपेशनल थेरपिस्ट एकदा घर बघून जातो तेव्हा तो तीन-चार गोष्टी सांगतो: इथं कठडा बसवा, कमोडची खुर्ची घ्या, पायपुसणं उचला, पलंग भिंतीपासून एवढा सरकवा. हजार-दोन हजारांत होणाऱ्या गोष्टी. पडून खुब्याचं हाड मोडलं की लाखाचा हिशेब होतो.

'घरचे' हा शब्द आपण फार सहज वापरतो. घरचे म्हणजे प्रत्यक्षात कोण? २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषाची ९७. माणसांची काळजी घेण्यात तिची १३४, त्याची ७६. या पाच-सात तासांच्या वर आता दर दोन तासांनी कूस बदलणं, डायपर, नाकातल्या नळीतून पातळ खाणं, व्यायाम. 'आमच्या संस्कृतीत कुटुंब सांभाळतं' हे वाक्य सभेत बोलायला गोड आहे. त्याचा खरा अर्थ असतो की सून नोकरी सोडते, नाहीतर मुलगी बारावीनंतर घरी बसते. ज्यांना शक्य आहे ते ब्युरोतून मावशी किंवा ब्रदर ठेवतात. पुण्या-मुंबईत बारा तासांचे दिवसाला सातशे-आठशे तरी जातात, म्हणजे महिन्याला वीस हजारांच्या पुढे, आणि त्या मावशींनाही काखेतून उचलू नये हे कुणी शिकवलेलं नसतं. मुलगा बंगळुरात किंवा न्यू जर्सीत असला तर कॅमेरा बसवून तिकडून बघत राहतो. त्यानं आईला आणखी दोन सूचना मिळतात, हात मिळत नाहीत. व्हिडिओवरून थेरपी देता येते, ती दवाखान्यातल्या थेरपीपेक्षा कमी पडत नाही असं अमेरिकेतल्या १२४ रुग्णांच्या चाचणीत २०१९ साली दिसलं आहे. पण तीही ठरावीक उपकरणं देऊन, थेरपिस्टच्या देखरेखीखाली. व्हॉट्सॲपवर आलेला व्यायामाचा व्हिडिओ म्हणजे ते नाही.

दोन गोष्टींचा इथे नुसता उल्लेख करतो, त्यांच्यावर स्वतंत्र लिहायला हवं. पक्षाघातानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं, आणि घरात त्याचं निदान 'हट्टी झालेत', 'मुद्दाम करत नाहीत' असं होतं. आणि ज्याची वाचा गेली त्याला बऱ्याचदा पुष्कळ समजत असतं, शब्द तेवढे सापडत नाहीत. मोठी शहरं सोडली तर स्पीच थेरपिस्ट शोधून सापडत नाही.

दवाखाना संपला आणि घरी कुणी येत नाही, मग लोक जे मिळेल तिकडे जातात. लकव्याचं तेल, कबुतराचं रक्त, अमक्या गावचा वैदू. राजस्थानात नागौर जिल्ह्यात बुटाटी नावाचं गाव आहे, तिथल्या चतुरदास महाराजांच्या मंदिरात लकव्याचे रुग्ण सात दिवस राहतात आणि रोज परिक्रमा करतात. महाराष्ट्रातूनही गाड्या करून लोक जातात. त्यांना हसायचा आपल्याला काय अधिकार? तिथं राहायला जागा मिळते, किती दिवस ते ठरलेलं असतं, रोज उठून चालायचं ठरलेलं असतं, आणि आजूबाजूला आपल्यासारखीच माणसं असतात. मंदिरात आजार बरा होतो असं मी मानत नाही. पण डिस्चार्ज कार्डाच्या त्या एका ओळीपेक्षा मंदिराचा कार्यक्रम जास्त स्पष्ट आहे, हे डॉक्टरांनी आणि सरकारनं मनाला लावून घ्यावं. यातलं खरं नुकसान पैशांचं नाही. बरं होण्याचे जे सर्वांत कसदार महिने, ते त्यात जातात, आणि 'आता नवं औषध चालू आहे' म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या बंद होतात. दुसरा झटका तिथून येतो.

हे आपल्या राज्यात जमणार नाही असं कुणी म्हणालं तर मी त्याला गडचिरोलीकडे बोट दाखवीन. 'सर्च' संस्थेनं २०११ ते २०१३ या काळात तिथल्या ८६ गावांतल्या मृत्यूंचा माग ठेवला, तेव्हा पक्षाघात हे मृत्यूचं सर्वांत मोठं कारण निघालं, १४.३ टक्के, म्हणजे सातांतला एक. आणि त्यातले बहुतेक मृत्यू घरी झाले होते. हा श्रीमंतांचा, शहरांचा आजार आहे हा समज तिथंच मोडला. त्याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि राणी बंग यांनी नव्वदच्या दशकात ३९ गावांमध्ये नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायची पद्धत उभी केली आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ साली तेही 'लॅन्सेट'मध्ये आलं. पुढं २०११ मध्ये देशानं ती पद्धत स्वीकारली: दवाखान्यात बाळंतपण झालेल्या बाईच्या घरी आशा ताई ४२ दिवसांत सहा भेटी देते, कुठल्या दिवशी जायचं ते ठरलेलं, काय तपासायचं ते ठरलेलं, त्याचे २५० रुपये ठरलेले.

त्या कामात आईला बाजूला सारलं नव्हतं, पण सगळं तिच्यावर टाकलंही नव्हतं. शिकलेली बाई, हातात वजनकाटा, वर देखरेख करणारा माणूस, आणि कामाचे पैसे, ही चौकट होती. पक्षाघातासाठी मी मागतो आहे ते याच जातीचं आहे. यातलं नवं काही नाही. वृद्धांसाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊन भेट द्यायची, पुनर्वसन कर्मचारी ठेवायचा, हे २०१० पासून कागदावर आहेच. तमिळनाडूनं ऑगस्ट २०२१ मध्ये 'मक्कळै तेडि मरुत्तुवम' सुरू केलं, त्यात रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर फिजिओथेरपीही दारात येते. केरळ अंथरुणाला खिळलेल्याची काळजी घेणाऱ्या नातेवाइकाला 'आश्वासकिरणम'मधून महिना ६०० रुपये देतं. सहाशे रुपयांत काय होतं ते सोडा, पण काळजी घेणारं माणूस सरकारी यादीत आलं. दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात असा भत्ता देण्याची तरतूद आहे, ती वाचायला तरी आपल्याकडे कुणी घ्यावी.

फक्त एक करू नये: हे काम पुन्हा आशांच्या माथी मारू नये. राज्यात सत्तर हजारांच्या आसपास आशा आहेत, आणि मोबदल्यासाठी त्यांना संपावर जावं लागलेलं आपण पाहिलं आहे. आशा ताई नोंद करील, गोळ्या चालू आहेत का पाहील, कुठल्या घरी माणूस पडून आहे ते कळवील. थेरपी फिजिओनंच द्यावी. महाराष्ट्रात फिजिओथेरपीची कॉलेजं कमी नाहीत. दरवर्षी बाहेर पडणारी मुलं-मुली एकतर परदेशाच्या परीक्षांना बसतात, नाहीतर शहरात जिमच्या वरच्या मजल्यावर गुडघेदुखीचं क्लिनिक टाकतात, कारण ग्रामीण रुग्णालयात त्यांच्यासाठी पदच नसतं. इंटर्नशिपमधले काही महिने तालुक्याला, अनुभवी फिजिओच्या हाताखाली, घरभेटींसाठी का नसावेत? डॉक्टरांना आपण खेड्यात पाठवतो, त्यावर आरडाओरड होते, तरी पाठवतो.

हिशेब मांडू. बारा आठवडे, आठवड्याला तीन भेटी, म्हणजे ३६. एका भेटीला, प्रवासासह, सहाशे रुपये धरले तर २१,६०० रुपये. त्यात ऑक्युपेशनल थेरपिस्टची घर बघायला एक भेट आणि कठडा-कमोडखुर्चीला थोडी रक्कम घाला, पंचवीस-तीस हजारांच्या आत बसतं. पाच लाखांच्या संरक्षणातून. तीन तासांच्या इंग्लिश मापाच्या जवळपासही हे जात नाही, हे मला ठाऊक आहे. पण आज मिळतं त्याच्या मानानं हे पुष्कळ आहे, आणि दर भेटीला फिजिओनं पुढच्या दोन दिवसांचं काम घरच्यांना नेमून दिलं, परत येऊन तपासलं, तर घरच्यांची मेहनतही वाया जात नाही.

यावर आरोग्य विभागातले लोक दोन शंका काढतील. पहिली, खोटी बिलं. भेट न देता सही घेतली जाईल. घेतली जाईलच, योजनेत दवाखानेही खोटे दावे करतात म्हणून आपण दवाखाने बंद केले नाहीत. जागेची नोंद करणारा फोन आणि घरच्यांकडून आलेला ओटीपी एवढ्यावर गॅस सिलिंडर पोचतो, तसा फिजिओही पोचेल. दुसरी शंका जास्त गंभीर आहे. भारतात पथकानं घरी जाऊन केलेल्या कामाचा पुरावा अजून युरोपाइतका भक्कम नाही, आणि 'अटेंड'नं दाखवलं की चांगला वाटणारा विचार चुकू शकतो. मान्य. म्हणून एकदम ३६ जिल्ह्यांत करू नका. दोन जिल्ह्यांत करा, एक शहराजवळचा, एक गडचिरोलीसारखा, आणि मोजा.

मोजण्याची सोय तर आजच आहे. जनआरोग्य योजनेच्या प्रत्येक रुग्णालयात रुग्णांना योजनेसाठी मदत करणारा आरोग्यमित्र बसतो. किती दावे आले, किती मंजूर झाले, एवढंच आज त्याच्याकडून वर जातं. पक्षाघाताच्या प्रत्येक रुग्णाला डिस्चार्जनंतर नव्वदाव्या दिवशी त्यानं एक फोन करावा. कोण जिवंत आहे, कोण आपल्या पायांनी संडासला जातं, कोणाला घरात एकटं सोडता येत नाही, रक्तदाबाची गोळी चालू आहे का, आणि या तीन महिन्यांत घरी कुणी शिकलेलं माणूस आलं का. पाच प्रश्न, पाच मिनिटं. या फोनला नवा निधी लागत नाही, शासन निर्णय लागतो. आणि ते आकडे तालुकावार छापले, की ग्रामीण रुग्णालयात फिजिओचं पद का नाही, हा प्रश्न तिथल्या आमदाराला विचारणं पुष्कळ सोपं होईल.